वाऱ्यात स्टोव्ह का भडकतो

आमच्या घरी पितळी पंपाचा स्टोव्ह होता. आजी तो पेटवायला बसली की आधी स्वयंपाकघराची खिडकी लोटून घ्यायची. मग काकडा रॉकेलमध्ये बुडवून बर्नरच्या मानेला अडकवायची, पेटवायची आणि नुसती बघत बसायची. काकडा विझत आला की हवेची चावी आवळायची आणि पंपाचे चार-पाच दट्टे मारायची. फुर्र आवाज करत निळी ज्योत उभी राहायची. आम्ही पोरं चहासाठी घाई करायचो तेव्हा तिचं एकच वाक्य असायचं, "थांबा रे, अजून तापला नाही. कच्चा पेटवला तर भडकतो."

पुढे बऱ्याच वर्षांनी राजगडाच्या पद्मावती माचीवर जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही तेच केलं. स्टोव्ह वेगळा होता, बाटलीला नळी जोडलेला, ट्रेकला न्यायचा. वारा सुटला होता, सगळ्यांना भूक लागली होती. बर्नर दोनदा विझला, तिसऱ्यांदा पेटला आणि पिवळा जाळ हातभर उंच उठून वाऱ्याबरोबर आडवा झाला. पलीकडे बसलेल्या मित्राच्या जॅकेटची बाही वितळली. हाताला फार लागलं नाही, पण त्या क्षणी कोणालाच कळलं नाही की नेमकं काय चुकलं. वारा ज्योत विझवतो हे ठाऊक होतं. वारा ज्योत भडकवतो, आणि तीही विझवण्याच्या नादातच भडकवतो, हे ठाऊक नव्हतं.

हा लेख त्यासाठी आहे. सह्याद्रीत आता बहुतेक जण गॅसचे छोटे सिलिंडर नेतात. पण हिमालयातल्या लांब ट्रेकवर, मोठ्या गटाच्या स्वयंपाकात, कडाक्याच्या थंडीत रॉकेल किंवा पेट्रोलवरचे स्टोव्ह अजून चालतात, आणि त्यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. त्यांची भीती बाळगण्याचं कारण नाही. आत काय घडतं ते मात्र समजून घ्यायला हवं.

'कच्चा' म्हणजे काय

रॉकेल पातळ असताना जळत नाही, जळते ती त्याची वाफ. वातीच्या स्टोव्हमध्ये वात थोडं थोडं रॉकेल वर ओढते आणि टोकाशी त्याची सावकाश वाफ होते, म्हणून ती ज्योत मऊ आणि मंद असते. पंपाच्या स्टोव्हची गोष्ट निराळी. स्वीडनमधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं 1892 मध्ये बिनवातीचा प्रायमस बनवला, त्याची कल्पना अशी: टाकीत हवा भरून दाब आणायचा, त्या दाबानं रॉकेल नळीतून वर चढवायचं, बर्नरच्या तापलेल्या भागातून फिरवून त्याची वाफ करायची, आणि ती वाफ निपलच्या सुईएवढ्या भोकातून जोरात बाहेर सोडायची. जोरात सुटलेली वाफ आजूबाजूची हवा ओढून घेते, दोघांचं नीट मिश्रण होतं आणि काजळी न धरता निळी, कडक आच मिळते.

यातली खुबी अशी की रॉकेलची वाफ करायला लागणारी उष्णता स्टोव्ह स्वतःच्याच ज्योतीतून घेतो. ज्योत नळी तापवते, नळी रॉकेलची वाफ करते, वाफ पुन्हा ज्योत होते. हे चक्र एकदा फिरू लागलं की इंधन संपेपर्यंत फिरत राहतं. पण पहिला फेरा सुरू करायला उष्णता बाहेरून द्यावी लागते. काकडा त्यासाठी. ट्रेकच्या स्टोव्हमध्ये काकड्याच्या जागी बर्नरखाली एक छोटी वाटी असते, तिच्यात चमचाभर इंधन किंवा स्पिरिट जाळायचं.

आता यात वारा घाला. वाटीतला जाळ वाऱ्यानं आडवा होतो आणि नळीला लागतच नाही. स्पिरिट जळून संपतं, आपण घड्याळाच्या किंवा सवयीच्या हिशेबानं 'तापला असेल' म्हणून इंधनाची चावी उघडतो, पण नळी कोमटच असते. टाकीतला दाब मात्र पुरा असतो. नळी तापली आहे की नाही हे दाबाला कळत नाही, तो इंधन ढकलतच राहतो. मग निपलमधून वाफेऐवजी पातळ इंधनाची पिचकारी उडते, तिला उरल्यासुरल्या जाळाची ठिणगी मिळते आणि भडका होतो. आजीचा 'कच्चा' शब्द इथे अगदी चपखल बसतो: इंधन कच्चंच बाहेर आलेलं असतं.

नीट पेटलेल्या स्टोव्हचंही असंच होऊ शकतं. वाऱ्याचा मोठा झोत सलग लागत राहिला की बर्नर हळूहळू निवतो, निळ्या ज्योतीत पिवळी टोकं दिसू लागतात, फुरफुर एकसारखी न राहता धापा टाकल्यासारखी होते. ही पूर्वसूचना आहे. या वेळी पंप मारून जोर वाढवावासा वाटतो आणि तेच सगळ्यात घातक असतं, कारण दाब वाढला की निवलेल्या नळीतून आणखी कच्चं इंधन येतं. आधी चावी कमी करायची, आडोसा नीट करायचा, ज्योत निळी झाली की मगच पंप.

गॅसच्या शेगडीवर वारा आला तर ती विझते किंवा भांडं तापत नाही, एवढंच. द्रव इंधनाचा स्टोव्ह वाऱ्यात कच्चा होतो. हा फरक लक्षात ठेवला तर पुढच्या सगळ्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही, त्या आपोआप सुचतात.

रॉकेल की पेट्रोल

दोन्ही इंधनांचा स्वभाव वेगळा आहे. रॉकेल उकळायला साधारण 150 अंशांपासून पुढे तापमान लागतं, म्हणून ते तापवायला वेळ लागतो आणि वाऱ्यात तेच जास्त वेळा कच्चं राहतं. पण सांडलेलं थंड रॉकेल सहजासहजी पेट घेत नाही. त्याची वाफ ठिणगीनं पेटायला ते साधारण 35 ते 40 अंशांपर्यंत तापलेलं असावं लागतं. पेट्रोलचं उलट. ते लवकर वाफ होतं, चटकन पेटतं, पण उणे 40 अंशांच्या आसपासही त्याची वाफ ठिणगी पकडू शकते. म्हणजे हिमालयातल्या कोणत्याही थंडीत उघडी पेट्रोलची बाटली ही पेटायला तयार असलेली वस्तू आहे. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटते आणि खोलगट जागी साठते.

म्हणून घरगुती पंपाच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही, कोणत्याही कारणानं घालू नये. त्याची टाकी ज्योतीच्या थेट खाली असते. रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ झाली तरी स्टोव्ह फुटू शकतो. दोन्ही इंधनांवर चालणारे ट्रेकचे स्टोव्ह असतात, पण त्यांचंही निपल बदलावं लागतं. रॉकेलच्या निपलचं भोक पेट्रोलच्या निपलपेक्षा बारीक असतं. पेट्रोलचं निपल तसंच ठेवून रॉकेल जाळलं तर पिवळी, काजळी धरणारी ज्योत मिळते आणि वाऱ्यात ती आणखी बिघडते. निघण्यापूर्वी घरीच निपल तपासा, डोंगरात सुन्न बोटांनी तो राईएवढा तुकडा गवतात पडला की सापडत नाही.

रॉकेल आता शहरात सहज मिळत नाही, म्हणून बरेच जण पंपावरचं पेट्रोल वापरतात. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉलनं काही प्रकारचं रबर फुगतं. पंपाचे वायसर आणि रबरी कड्या दर मोसमाला बदलणं हा किरकोळ खर्च आहे, तो टाळू नये. उरलेलं पेट्रोल बाटलीत महिनोन्‌महिने ठेवू नये.

आणि रेल्वेनं किंवा विमानानं इंधन नेऊ नका. रेल्वे कायद्याच्या 164 व्या कलमानुसार धोकादायक माल गाडीत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्याला आग लागली, प्रवाशांनी चोरून नेलेल्या सिलिंडरवर चहा करताना. नऊ माणसं गेली. इंधन पायथ्याच्या गावात घ्यायचं, बारीक जाळीच्या किंवा कापडाच्या गाळणीतून गाळून घ्यायचं आणि बाटली रिकामी, धुतलेली, वास न येणारी न्यायची.

वाऱ्यात पेटवताना

बाटली काठोकाठ भरू नका. वर मोकळी जागा ठेवावी लागते, कारण त्या जागेतल्या हवेवरच पंपाचा दाब बसतो आणि तापल्यावर इंधन फुगतं त्याला जागा हवी. बाटलीवर खूण असते, तिच्या वर जायचं नाही. बाटलीही दाब सोसणारी, त्याच कामासाठी बनवलेली धातूचीच हवी. पाण्याची स्टीलची बाटली चालत नाही.

आधी पूर्ण बंद चावीनं पंप मारा आणि मिनिटभर नुसतं बघा. पंपाशी, नळीच्या सांध्याशी, चावीच्या मानेशी कुठे ओल दिसते का, वास येतो का. गळती असेल तर काडी ओढायची नाही. ही मिनिटभराची सवय मला इतर सगळ्या सूचनांहून मोलाची वाटते.

मग आडोसा लावा. आधी पेटवायचं आणि नंतर आडोसा करायचा हा उलटा क्रम बहुतेकांचा असतो, आमचाही होता. नळी तापवण्याच्या दोन-तीन मिनिटांतच आडोशाची खरी गरज असते. आजीची खिडकी ती हीच.

तापवायला शक्य असेल तर स्पिरिट वापरा, मेडिकलच्या दुकानात मिळतं ते. पेट्रोल किंवा रॉकेल वाटीत जाळलं तरी नळी तापते, पण काजळी धरते आणि जाळ उंच जातो. स्पिरिटची ज्योत स्वच्छ असते. फक्त एक मोठा धोका आहे: उन्हात ती जवळजवळ दिसतच नाही. विझली समजून कोणी वरून आणखी स्पिरिट ओततं, ज्योत धारेवरून चढत बाटलीपर्यंत जाते आणि हातातली बाटली पेटते. म्हणून मोठ्या बाटलीतून कधी ओतायचं नाही. एका वेळेला लागेल तेवढंच स्पिरिट छोट्या डबीत काढून, मूळ बाटली झाकण लावून दूर ठेवायची. वाटीवर हाताचा तळवा बराच उंच धरून ऊब लागते का बघितलं की ज्योत आहे की नाही ते कळतं.

वारा असेल तर एक वाटी पुरत नाही, हे गृहीत धरा. पहिली वाटी जळून गेली, बर्नर अजून नीट तापला नाही असं वाटलं, तर लगेच दुसरी ओतू नका. बर्नर हाताला सोसेल इतका निवू द्या, मग पुन्हा भरा. वेळ जातो, चहा उशिरा होतो, पण हीच वेळ वाचवताना माणसं भाजतात.

वाटीतला जाळ शेवटच्या टोकाला आला, अजून पुरता विझला नाही, तेव्हा चावी अगदी थोडी, पाव फेरा उघडा. आवाज ऐका. सू असा कोरडा आवाज आणि निळी ज्योत आली तर वाफ आहे. थुंकल्यासारखा आवाज आणि पिवळा जाळ आला तर ते कच्चं आहे. चावी बंद करा, आहे तो जाळ संपू द्या, थांबा. कच्च्या ज्योतीला 'होईल हळूहळू' म्हणून चालू ठेवू नये.

तोंड, केस, ओढणी, मफलर बर्नरच्या वर आणू नका. डोंगरात आपण अंगभर नायलॉन आणि पॉलिएस्टर घालतो, ते नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. आणि झोतानं ज्योत पूर्ण विझली तर लगेच काडी ओढू नका. तापलेल्या बर्नरमधून न दिसणारी वाफ बाहेर पडतच असते आणि आडोशात साठते. चावी बंद, पाच मिनिटं थांबा, मग पहिल्यापासून.

आडोसा कसा, कुठे

इथे स्टोव्हची जात महत्त्वाची. बाटली वेगळी आणि बर्नर वेगळा, मध्ये नळी, अशा स्टोव्हला चारी बाजूंनी पत्र्याचा आडोसा चालतो. सिअ‍ॅटलच्या लॅरी पेनबर्थी या अभियंत्यानं 1973 मध्ये असा स्टोव्ह बाजारात आणला. उंचीवर माणसं पाण्यावाचून खचतात, आणि पाणी म्हणजे बर्फ वितळवणं, म्हणून वाऱ्यातही जोरात चालणारा स्टोव्ह हवा, असं त्याचं म्हणणं होतं. बाटली ज्योतीपासून लांब नेल्यामुळेच बर्नर घट्ट आडोशात ठेवता आला. भांडं आणि आडोसा यांच्यात बोटभर-दोन बोटं मोकळी जागा ठेवा, खालून हवा आत यायला फट ठेवा, आणि बाटली आडोशाच्या बाहेर, वाऱ्याच्या येण्याच्या बाजूला किंवा कडेला ठेवा. ज्योत आडवी झाली तर ती जिकडे वारा जातो तिकडे झुकते, बाटली त्या बाजूला नको. तुम्हीही त्या बाजूला बसू नका. चावीपर्यंत हात कडेनं पोचला पाहिजे, ज्योतीवरून नाही.

टाकी खाली आणि बर्नर वर, म्हणजे आजीच्या स्टोव्हसारखा, किंवा सिलिंडरवर थेट बर्नर बसवलेला गॅसचा स्टोव्ह असेल तर असा गोल आडोसा करायचा नाही. अडवलेली उष्णता खाली टाकीवर येते, दाब वाढतो, आणि मग काय होईल याचा अंदाज कोणी करू शकत नाही. तिथे फक्त वाऱ्याच्या बाजूनं, हातभर अंतरावर, भिंतीसारखा आडोसा लावा आणि दर थोड्या वेळानं टाकीला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर आधी स्टोव्ह बंद. घरगुती पंपाच्या स्टोव्हला ज्योत कमी-जास्त करायची वेगळी चावी नसते, हवेची चावी सैल करून दाब सोडला की तो विझतो. ती चावी कुठे आहे हे पेटवण्यापूर्वी बघून ठेवा. तव्यासारखं रुंद भांडं ठेवलं तरी आच खाली वळते, हेही ध्यानात असू द्या.

जागेबद्दल एक गैरसमज आहे की मोठ्या सरळ खडकामागे सगळ्यात चांगला आडोसा मिळतो. तसं होत नाही. सपाट, बंद भिंतीवरून वारा उडी मारतो आणि मागे भोवऱ्यासारखा खाली येतो. तिथे झोत दर क्षणाला दिशा बदलतो आणि एका बाजूचा आडोसा निकामी होतो. झुडपांची रांग किंवा फटी असलेली दगडांची रचाई वाऱ्याला गाळून मंद करते, तिच्यामागे हवा जास्त स्थिर राहते. खिंड, सोंड आणि कड्याची कड या तिन्ही जागा टाळाव्यात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना कड का टाळायची हे सांगायला नको, फेकलेली हलकी वस्तू तिथे परत वर येते.

खड्डा खणून त्यात स्टोव्ह ठेवायची युक्ती रॉकेलला एक वेळ चालेल, पेट्रोलला नाही. जड वाफ खड्ड्यातच साचते. ओढ्यातले ओले दगड बर्नरभोवती लावू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

सह्याद्रीत जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंत गवत वाळून काडी झालेलं असतं. एका भडक्यातून सुटलेली ठिणगी आणि मागे वारा, एवढ्यावर डोंगराची अख्खी कूस वणव्यात जाते. स्टोव्हभोवती मीटरभर जागा मातीपर्यंत साफ करा, जवळ पाण्याचा डबा आणि माती ठेवा. बऱ्याच किल्ल्यांवर आणि अभयारण्याच्या हद्दीत जाळ करायला बंदी आहे, ती पाळा. वारा आवरत नसेल तर त्या रात्री पोहे भिजवून खा. कोणी उपाशी मरत नाही.

हिमालयात वाऱ्याला वेळापत्रक असतं. सकाळी उतार उन्हानं तापतात, त्यांच्यावरची हवा वर चढते, तिची जागा घ्यायला दरीतून वारा सुटतो. दुपारी तो भरात असतो. नेपाळमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यात तो इतका जोराचा असतो की जोमसोमची विमानं सकाळीच ये-जा करतात. म्हणून दुपारच्या मुक्कामावर पोचल्या पोचल्या स्टोव्ह पेटवण्यापेक्षा सकाळीच थर्मासमध्ये गरम पाणी भरून घेतलेलं बरं. बर्फावर स्टोव्ह ठेवायचा तर खाली लाकडी फळी हवी, नाहीतर बर्फ वितळून बर्नर कलंडतो. डोंगरात ज्योतीइतकंच उकळतं पाणी भाजतं.

थंडीत इंधन अंगावर सांडू देऊ नका. उणे 15 अंशांतलं पेट्रोल पातळच असतं, ते हातावर पडलं की कातडीची ऊब घेऊन उडून जातं आणि बोटाला हिमदंश होऊ शकतो.

तंबूत मात्र नाही

वारा असह्य झाला की प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो: तंबूत घेऊ या. आगीचा धोका तर आहेच, तंबू काही सेकंदांत जातो. पण त्याहून कपटी धोका कार्बन मोनॉक्साइडचा.

इंधन पुरं जळलं तर कार्बन डायऑक्साइड होतो. अर्धवट जळलं तर मोनॉक्साइड, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे थोडासा वायूही ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. निळी ज्योत असली की मोनॉक्साइड नाही, असं समजू नका. बर्फानं भरलेलं थंडगार भांडं बर्नरला टेकवलं की ज्योत भांड्याच्या बुडाशी निवते आणि अर्धवट जळते. म्हणजे बर्फ वितळवतानाच, आपण तंबूत कुडकुडत बसलेलो असतानाच, हा वायू सगळ्यात जास्त तयार होतो.

उंचीवर यात आणखी एक फसवणूक आहे. डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, बोलण्यात गोंधळ: ही मोनॉक्साइडची लक्षणं आहेत, आणि उंची लागल्याचीही हीच. 4000 मीटरवर मित्राचं डोकं दुखतंय म्हटल्यावर आपण गोळी देतो आणि गरम सूप करायला आतच स्टोव्ह पुन्हा पेटवतो. तंबूत स्टोव्ह चालू असताना कोणाचंही डोकं दुखलं, तर आधी स्टोव्ह बंद करून सगळ्यांना बाहेर हवेवर आणा, बाकीचा विचार नंतर. बाहेर येऊन पटकन बरं वाटलं तरी त्या माणसावर रात्रभर लक्ष ठेवा, आणि बरं वाटलं नाही तर खाली उतरवा.

अमेरिकन संशोधक रिचर्ड बर्ड 1934 च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावरच्या बर्फाखालच्या झोपडीत महिनोन्‌महिने एकटा राहिला. स्टोव्ह आणि जनरेटरच्या वायूनं तो इतका आजारी पडला की त्याचे रेडिओवरचे संदेश अडखळू लागले, त्यावरून मुख्य तळावरच्या माणसांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये तिघं त्याच्यापर्यंत पोचले. अनुभवी माणूस होता. धोका ठाऊक असूनही, थंडी आणि धूर यांत रोज निवड करावी लागत होती.

अगदीच इलाज नसेल, बाहेर वादळ असेल आणि पाणी नसेल, तर तंबूच्या बाहेरच्या पडवीत, दार वर-खाली दोन्हीकडे उघडं ठेवून, बाहेर पेटवून मग आत सरकवलेला स्टोव्ह, आणि एक माणूस पूर्ण जागा. पेटवण्याचं काम आत कधीच नाही. 29 मे 1953 च्या पहाटे एव्हरेस्टच्या सर्वांत वरच्या तळावर हिलरीनं गोठलेले बूट तंबूत स्टोव्हवर धरून मऊ केले होते, हे खरं आहे. पण तो दाखला आपल्यासाठी नाही, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आपल्यापुढे असतो. लेणी आणि गडावरच्या गुहा यांनाही हेच लागू: तोंडाशी पेटवा, आत खोल कोपऱ्यात नाही.

इंधन किती, आणि पेटलं तर

बर्फापासून पाणी करायचं असेल तर इंधनाचा हिशेब बदलतो. एक किलो बर्फ शून्य अंशावर नुसता वितळवायला 334 किलोज्यूल लागतात, आणि 4000 मीटरवर पाणी साधारण 87 अंशांना उकळतं, तिथवर न्यायला आणखी सुमारे 364. म्हणजे जवळजवळ निम्मी आच पाणी तापू लागण्यापूर्वीच संपली. वाहतं पाणी मिळत असेल तर दिवसाला माणशी 100 ते 120 मिलिलिटर इंधन धरतात, बर्फ वितळवायचा असेल तर त्याच्या दुप्पट. आडोसा नसेल तर वारा हा हिशेब सहज दुप्पट करतो. इंधन कमी पडायला लागलं की माणसं घाई करतात आणि कच्चा स्टोव्ह पेटवतात, म्हणून थोडं जास्तच न्या. भांड्याला झाकण असू द्या. भांड्याच्या तळाशी पेलाभर पाणी घालून मग बर्फ टाका, कोरडा बर्फ करपल्यासारखा वास धरतो.

भडका उडालाच तर आधी चावी बंद करता येते का बघा, कडेनं हात घालून. नाही जमलं तर मागे सरका, माणसं वारा येतो त्या बाजूला घ्या. पेट्रोलवर पाणी टाकू नका, ते पाण्यावर तरंगत पसरतं. मोठं पातेलं पालथं घालणं, ओली घोंगडी, माती, बर्फ, यांपैकी जे हाताशी असेल ते. ज्योत बाटलीला चाटू लागली असेल तर स्टोव्ह वाचवायला जाऊ नका, लांब पळा.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं गार, वाहतं पाणी. बर्फ थेट लावायचा नाही, हळद-टूथपेस्ट तर नाहीच. अंगठी, घड्याळ सुजण्यापूर्वी काढा, चिकटलेलं कापड ओढू नका. डोंगरात गार पाण्यानं माणूस गारठतो, म्हणून भाजलेली जागा सोडून बाकी अंग पांघरुणात ठेवा.

आणि हे सगळं पहिल्यांदा डोंगरात करू नका. निघण्याच्या आठ दिवस आधी गच्चीवर, वारा असलेल्या संध्याकाळी, तोच स्टोव्ह, तीच बाटली, तोच आडोसा घेऊन दोन लिटर पाणी उकळा. पंपाचा वायसर सुकलेला असेल तर तेलाचा थेंब द्या, निपलला पिन मारा, किती मिनिटं आणि किती इंधन लागलं ते वहीत लिहा. शेवटी स्टोव्ह पूर्ण निवल्यावर, आसपास कुठेही ज्योत नसताना, बाटलीचं झाकण सावकाश फिरवून हवा सोडा. ती फुस्स करून बाहेर पडते, त्या फवाऱ्यात इंधनाचे थेंब असतात, म्हणून तोंड दुसरीकडे करा.